दोनशे पाट्या आणि एक गोणी

(शेतकरी महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘रासायनिक खत’ हा विषय फळ्यावर पाहून आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटले असेल, हा कृषी खात्याचा विषय इथे कशाला? कोणते खत, किती आणि केव्हा, हे घरातले पुरुष ठरवतात. त्यांना ते बऱ्याचदा दुकानदार सांगतो. बाईकडे येते ती भरलेली पाटी. ती कमरेवर घेऊन ओळीने चालायचे, मूठमूठ खत टाकायचे, संध्याकाळी हात धुऊन चुलीपुढे बसायचे. बाईचा खताशी संबंध एवढाच, असे मानले जाते. मला आज या संबंधाचाच हिशेब मांडायचा आहे.

युरियाच्या एका गोणीत ४५ किलो युरिया असतो. पूर्वी ५० किलो असायचा. शेतकरी किलो मोजत नाही, गोण्या मोजतो, तेव्हा गोणीच लहान केली की वापर कमी होईल, या विचाराने २०१८ मध्ये सरकारने पाच किलो कमी केले. (शेतकऱ्याला शहाणे करण्याची ही एक तऱ्हा!) युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. म्हणजे एका गोणीतून शेताला जवळजवळ २१ किलो नत्र जाते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण शेकडा अर्धा भाग. तेवढेच नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टनांहून थोडे जास्त खत लागेल. बाईच्या डोक्यावरच्या पाटीत वीस किलो खत धरा. झाल्या दोनशेच्या वर पाट्या. उकिरड्यापासून शेत अर्धा किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर चालणे झाले. ज्यांच्याकडे बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आहे त्यांच्या खेपा वाचतात, पण गाडी भरणे आणि शेतातले ढीग विस्कटणे बाईकडेच राहते. त्याआधी वर्षभर रोज गोठा झाडणे, शेण भरणे, उकिरड्यावर नेऊन टाकणे असतेच.

गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशांना. दोनशे पाट्यांचे कोण किती देते? शेणखत ‘घरचे’, म्हणून फुकट.

माझे सारे म्हणणे या हिशेबात आहे. युरिया स्वस्त दिसतो कारण त्याची बरीचशी किंमत सरकारी तिजोरीतून भरली जाते. शेणखत फुकट दिसते कारण त्याची किंमत बाईच्या अंगातून वसूल होते. खतावरून हमरीतुमरीवर येणारे दोन्ही पक्ष, रासायनिकवाले आणि सेंद्रियवाले, हा दुसरा आकडा वहीत धरत नाहीत.

आता हे कारखान्यातले खत आले कुठून ते थोडक्यात पाहू. त्या गोष्टीतही एक बाई आहे, आणि तिचे नाव सहसा घेतले जात नाही.

हवेत पाचातले जवळजवळ चार भाग नत्रवायू आहे, पण पिकाला तो तसा घेता येत नाही. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो पिकाला मिळवून देतात. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतला नत्रवायू आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉशने ते काम कारखान्याच्या मापाला नेले आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. अमोनियापासून नायट्रिक आम्ल होते आणि त्यापासून स्फोटके. चिली देशातून येणारा सोरा ब्रिटिश आरमाराने अडवला तरी जर्मनीचा दारूगोळा संपला नाही, तो या शोधामुळे. हाबर स्वतः विषारी वायूच्या कामात उतरला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर त्याच्या देखरेखीखाली क्लोरीन वायू सोडला गेला.

हाबरची बायको क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रज्ञ होती. १९०० साली ब्रेसलाऊ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. लग्न झाले, मूल झाले, आणि तिची प्रयोगशाळा सुटली. त्या वायुहल्ल्यानंतर दहा दिवसांनी, २ मे १९१५ रोजी, तिने नवऱ्याच्या पिस्तुलाने स्वतःला संपवले. नेमके कशामुळे, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. हाबरला मात्र अमोनियासाठी १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘खत म्हणजे बॉम्बचा भाऊ, म्हणून ते वाईट’ असे मी म्हणत नाही. आज जगातल्या सुमारे निम्म्या माणसांचे अन्न कारखान्यातल्या नत्रावर पिकते असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ते उद्यापासून बंद करा, असे म्हणणाऱ्याने कोणत्या निम्म्यांनी उपाशी राहायचे तेही सांगावे. आपल्या देशात मोठा खत कारखाना हवा, ही निकड १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने पटवली. त्यातून सिंद्रीचा सरकारी कारखाना झाला, १९५१ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रात १९६५ मध्ये तुर्भ्याचा म्हणजे ट्रॉम्बेचा कारखाना आला, ऐंशीच्या दशकात अलिबागजवळ थळचा. ‘सुफला’ हे नाव ठाऊक नाही असे शेतकऱ्याचे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण.

या कारखान्यांत बाया किती होत्या? अमोनियाचा कारखाना रात्रंदिवस चालतो, तो संध्याकाळी कुलूप लावून घरी जाण्यासारखा नसतो. आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीला मनाई होती. ते बंधन आता सैल झाले आहे, पण कित्येक दशके यंत्रावरची पक्की नोकरी पुरुषांची राहिली. प्रकल्पासाठी जमीन गेली की ‘घरटी एकाला नोकरी’ ही मागणी सगळीकडे होते. तो ‘एक’ बहुतेक वेळा मुलगा असतो. भाताचे खाचर ज्या बाईच्या हाताखाली होते तिला नोकरी नाही आणि खाचरही नाही.

आता शेताकडे येऊ. साठच्या दशकात संकरित वाण आले. आपल्याकडे सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ मध्ये आली आणि ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीच होऊन बसला. हे वाण बुटके. खताला प्रतिसाद देणारे, दाणे जास्त देणारे. बाया मात्र कुरकुरत होत्या. भाकरीला चव नाही ही एक तक्रार. दुसरी तक्रार कडब्याची होती, आणि ती जास्त खोल होती. बुटक्या ताटाचा कडबा कमी, आणि गावठी ज्वारीच्या कडब्याची त्याला सर नाही. कडबा कमी म्हणजे दावणीला जनावरे कमी, जनावरे कमी म्हणजे शेण कमी, शेण कमी म्हणजे पुढच्या वर्षी आणखी एक गोणी. ही साखळी बायांना दिसत होती, कारण वैरण आणि शेण दोन्ही त्यांच्या हातून जात होते. पण बियाण्याची निवड ठरवताना त्यांना विचारले गेले नाही. दाण्याचा उतारा मोजला गेला, कडब्याचा कोण मोजतो!

शेणाला दुसरी वाट आहे ती चुलीची. सरपण नसेल तर गोवऱ्या थापाव्या लागतात. ‘शेण जाळू नका, शेतात टाका’ हा उपदेश शंभर वर्षे चालू आहे आणि तो करणाऱ्याने कधी चूल पेटवलेली नसते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसची शेगडी घरोघर आली, पण रिकामे सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा गोवरी. (गंमत अशी की ट्रॉम्बे-थळच्या युरियाचे नावही ‘उज्ज्वला’च होते. २०२२ पासून सगळ्याच कंपन्यांच्या गोण्यांवर ठळक नाव ‘भारत युरिया’ असते.) तेव्हा शेतात किती शेणखत जाईल याचा निर्णय बराचसा स्वयंपाकघरातल्या इंधनावर ठरतो.

खताच्या अर्थकारणाची एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावरून शेतकऱ्याला अडाणी ठरवले जाते. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले. ओरड झाल्यावर ही वाढ ३० टक्क्यांवर आली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश खतांवरचे किंमतीचे नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. डीएपी आणि पोटॅश महागले, युरिया स्वस्त राहिला. २०१० मध्ये अन्नघटकांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्याच्या बाहेरच ठेवला गेला. मग शेतकरी काय करणार? स्वस्त ते जास्त टाकणार. पीक हिरवेगार दिसते, दाणा मात्र भरत नाही, कीड जास्त येते. ‘शेतकरी युरियाचा अतिरेक करतात’ असे भाषणांतून ऐकू येते. हा अतिरेक दिल्लीच्या दरपत्रकाने शिकवलेला आहे.

२०२२-२३ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅस आणि खत दोन्ही महागले, तेव्हा केंद्राचा खत अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या आसपास गेला. हे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यावर येत नाही, कंपनीला मिळते. २०१८ पासून दुकानात अंगठ्याचे यंत्र आहे. आधार क्रमांक आणि अंगठा दिला की विक्रीची नोंद होते आणि त्या नोंदीवर कंपनीला पैसे मिळतात. बाजारला जातो कोण? पुरुष. म्हणून नोंद त्याची. बाई गेलीच तर यंत्र तिचा अंगठा घेईलच असे नाही. वर्षानुवर्षे माती, शेण, राख आणि खत यांत घासलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत, आणि यंत्राला रेषा लागतात! शिवाय युरियाच्या टंचाईत दुकानदार दुसरी एखादी बाटली गळ्यात बांधतो, ‘लिंकिंग’ म्हणतात ते. त्या बाटलीचे पैसे घरखर्चातून जातात आणि घरखर्चाची ओढाताण कोण करते हे मी सांगायला नको.

खत टाकणारे हात सरकारच्या दप्तरात कसे दिसतात तेही पाहा. २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी ६५ शेतीत होत्या. त्यांतल्या ४१ शेतमजूर आणि फक्त २४ शेतकरी म्हणून नोंदलेल्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी स्त्रिया शेकडा १४ च्या आसपास. जिच्या नावावर जमीन नाही तिला पीककर्ज नाही, आणि माती परीक्षणाची पत्रिका, प्रशिक्षण, नुकसानभरपाई ही सगळी खातेदाराच्या नावाने येतात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे चांदवडचे महिला अधिवेशन १९८६ मध्ये झाले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकोच्या नावे जमीन करून देण्याची हाक दिली गेली. डॉ. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खाजगी विधेयक मांडले, ते त्यांची मुदत संपल्यावर बारगळले. आणि घरधन्याने आत्महत्या केली की मग मात्र खतदुकानाची उधारी त्या बाईच्या नावावर चटकन येते. त्यासाठी सात-बारा लागत नाही.

अंगाचे बोलू या. खत हे क्षार आहे. ओल्या हाताला ते पाणी सोडते, चिरांत झोंबते, नखांच्या कडा सोलतात. खताच्या धुळीने डोळे आणि घसा जळतो. हातमोजे महाग नसतात, पण ते गोणीबरोबर कोणी देत नाही आणि मजूर बाईला मालकही देत नाही. युरिया घरात मिठासारखा, साखरेसारखा दिसतो. मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये. युरिया विरघळलेले पाणी जनावराने प्यायले तर ते काही वेळात मरू शकते. रिकामी गोणी मात्र आपण टाकत नाही. पावसात डोक्यावर खोळ, धान्याला पोते, बसायला बसकर. निदान धान्य भरायच्या आधी ती चांगली धुवा.

पाण्याचे त्याहून महत्त्वाचे. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असे पाणी वरच्या दुधात घालून पाजले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, ओठ आणि नखे निळी पडतात. अंगावर पाजण्याचे हे आणखी एक कारण. आणि लक्षात ठेवा, नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटते आणि नायट्रेट उलट दाट होते. तुरटीने जात नाही, फडक्याने गाळून जात नाही. विहिरीत ते केवळ खतातूनच येते असेही नाही, शेजारचा उकिरडा आणि संडासाचा खड्डा यांतूनही येते. म्हणून आधी तपासणी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन योजनेत प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचे ठरलेले आहे. आपल्या गावातल्या त्या पाच कोण, आणि तपासणीची पेटी कुठे धूळ खात पडली आहे, हे ग्रामपंचायतीला विचारा.

आता ‘मग सेंद्रिय करा’ म्हणणाऱ्यांविषयी. मला त्या वाटेबद्दल आदर आहे. शेणखत केवळ नत्र देत नाही, ते माती भुसभुशीत ठेवते, पाणी धरते, सूक्ष्म अन्नद्रव्ये देते. युरियाला ते जमत नाही. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव घेतात. त्यांनी इंदूरला आपल्याकडचे शेण, पालापाचोळा आणि गोठ्यातली माती यांवर प्रयोग करून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. पण त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, भारतातल्या संशोधनात पंचवीस वर्षे बरोबरीने राबल्या आणि १९३० मध्ये वारल्या. त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आणि उकिरडा लावणाऱ्या बायांचे तर कुठेच नाही.

आजची सेंद्रिय शिबिरेही जीवामृत, दशपर्णी, गांडूळखत यांच्या कृती सांगतात. शेण-गोमूत्र गोळा करायचे, पाला कुटायचा, रोज दोनदा ढवळायचे. हे कोण करणार ते सांगत नाहीत. ‘शून्य खर्च’ म्हणताना ज्या श्रमाचा खर्च शून्य धरला जातो तो बहुतेक बाईचा असतो.

यातले माझे आवडते उदाहरण भाताचे आहे, कारण त्यात कोणी खलनायक नाही. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती आणली. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, रोपे ठराविक अंतरावर लावायची, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी हाताने खोल खोचायची. गोळी मातीत असल्यामुळे नत्र हवेत उडत नाही, पाण्याबरोबर वाहत नाही, खत पुष्कळ वाचते. शास्त्र अगदी पक्के. पण एकरी गोळ्या किती होतात? सुमारे २५,०००. म्हणजे गुडघाभर चिखलात, वाकलेल्या कमरेने, पंचवीस हजार वेळा बोट खोचायचे. ते कोणाचे? पद्धत चांगली आहे म्हणूनच त्या कामाला वेगळी मजुरी हवी, आणि उभ्याने गोळी खोचता येईल असे अवजार प्रत्येक वाडीत हवे. खताची बचत होते त्यातला वाटा त्या कमरेला मिळाला पाहिजे.

आणि एकाएकी बंदी घालणे हा उपाय नव्हे, हे श्रीलंकेने दाखवून दिले. २०२१ च्या मे महिन्यापासून तिथे रासायनिक खतांची आयात बंद केली, आणि नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावी लागली. तेवढ्यात भात घटला, चहा घटला. चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या बहुसंख्य तमिळ बाया, आणि त्यांची मजुरी किती किलो खुडले यावर. पाने कमी आली तेव्हा त्या निर्णयाचा पहिला फटका त्यांच्या रोजावर बसला. निर्णय घेणाऱ्यांत त्या नव्हत्या.

तेव्हा आपण मागायचे काय? कंपनीला गोणीमागे अनुदान मिळते, तर शेतात पडलेल्या कंपोस्टमागे ते तयार करणारीच्या खात्यावर रक्कम का नको? रोजगार हमी योजनेतून आपल्या राज्यात गांडूळखताचे, नाडेपचे हौद बांधले गेले. हौद बांधण्याची मजुरी मिळते, तो वर्षभर भरण्याची का मिळू नये? माती परीक्षणाची पत्रिका नवरा-बायको दोघांच्या नावे असावी. खताच्या दुकानात अंगठा उमटत नसेल तर दुसरी सोय काय, हे दुकानाच्या पाटीवर लिहिलेले असावे. या सगळ्याला उत्तर येईल की ‘तुमच्याकडे आकडे कुठे आहेत?’

म्हणून येत्या हंगामात आपण वही ठेवायची आहे. प्रत्येक गटाला एक वही दिली आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात कोणते खत, शेणखत की गोणीतले. तिसऱ्यात किती पाट्या किंवा किती गोण्या. चौथ्यात कोणी वाहिले, कोणी टाकले, नावानिशी. पाचव्यात किती तास, आणि सहाव्यात मजुरी मिळाली असेल तर किती. घरच्या शेतात मिळाली नसेल तर तिथे शून्य लिहा, रकाना मोकळा सोडू नका. लिहिता येत नसेल त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगावे, मुलालाही सांगावे. दिवाळीनंतरच्या बैठकीला वह्या घेऊन या, बेरीज तिथे बसून करू.